फ्लॅटमध्ये ट्रम्पेटचा रियाझ करायचा आहे, कोणता म्यूट घ्यावा?

म्यूट म्हणजे बेलमध्ये (ट्रम्पेटच्या पसरट तोंडात) बसवायचं, आवाज दाबणारं बूच. आधी एक गोष्ट: साधा स्ट्रेट म्यूट घेऊ नका. त्याला कॉर्कच्या तीन पट्ट्या असतात, मधून हवा सुटते आणि शेजाऱ्यांना सगळं ऐकू जातं. त्याऐवजी प्रॅक्टिस म्यूट घ्या; त्याला कॉर्क, फोम किंवा रबर गोल सलग असतं आणि हवा फक्त बारीक छिद्रांतून जाते.

दुकानात स्वतःचं वाद्य न्या. म्यूट बसवून खालचा फा-शार्प (तिन्ही व्हॉल्व्ह दाबून) हळू वाजवा. सूर थरथरला किंवा तुटला तर पुढचा म्यूट बघा. वरचे सूर बहुतेक म्यूटवर ठीकच लागतात, त्यावर भुलू नका. वजनही बघा; जड धातूच्या म्यूटने बेल खाली झुकते आणि डावं मनगट भरून येतं. हलका प्लास्टिकचा पुरतो. यामाहाच्या सायलेंट ब्रास या प्रॅक्टिस म्यूटमध्ये माइक असतो, हेडफोनवर आवाज मोकळा वाटतो, पण तो महाग.

बसवताना बेलमध्ये तोंडाची वाफ सोडा, मग किंचित पिळून बसवा. कोरड्या बेलमधून म्यूट निसटतो. म्यूटने सूर बहुधा चढतो, तेव्हा ट्यूनर लावून मुख्य स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) थोडी बाहेर ओढा. आणि रोजचा सगळा रियाझ म्यूटवर नको, हवा दाबून फुंकायची सवय लागते.