सशाची हनुवटी ओली राहतेय?

ताई, तुमच्या सशाची लाळ उन्हाने गळतेय असं तुम्हाला वाटतंय, पण ती उन्हाने नव्हे, बहुतेकदा दाढांमुळे. सशाचे 28 दात जन्मभर वाढतात. चघळायला गवत कमी पडलं की दाढांना टोकं येतात, जीभ-गाल सोलतात. माझा ससा गाजर तोंडात धरून सोडून द्यायचा, तोंड पुसून पुसून पुढच्या पायांची लव आतून चिकट झाली, तरी मला उशिरा कळलं. नुसते पुढचे दात बघून निश्चिंत होऊ नका. दात कापायला नेलकटर तर अजिबात नको, दात उभा चिरतो. तुमच्या सांगलीत सशांचं बघणारा डॉक्टर शोधा. खाणं, लेंड्या थांबल्या असतील तर आजच्या आज. घरातलं अँटिबायोटिक अ‍ॅमॉक्सिसिलिन तोंडाने देऊ नका, जिवावर बेततं. हनुवटी हलक्या हाताने पुसून कोरडी ठेवा. बरा झाला की बिस्किटं बंद, हरळीचं वाळलं गवत दिवसभर समोर हवं.