पोप चुकूच शकत नाही, असं कॅथलिक खरंच मानतात का?

तुमचं माहेर कॅथलिक, सासर सोलापुरातल्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट) मंडळीतलं. दीर विचारतात, "वहिनी, तुमचा पोप चुकतच नाही ना? मग २०१८ साली फाशीबद्दलची शिकवण बदलली कशी?"

पोप चुकू शकतात, चुकलेही आहेत, हे आधी बेधडक मान्य करा. अचूकतेचा दावा फार अरुंद आहे. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेत तो ५३३ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. त्यानुसार पोप सर्व ख्रिस्ती लोकांचे गुरू म्हणून, आपला सर्वोच्च अधिकार वापरून, श्रद्धा किंवा नीतीचा विषय, सगळ्या ख्रिस्तसभेने मानलाच पाहिजे असा कायमचा ठरवत असले पाहिजेत. यातली एक अट जरी कमी पडली, तरी हा दावा लागू होत नाही. मुलाखत, विमानातल्या गप्पा, रविवारचा उपदेश, सगळं बाहेर. वादच नाही अशी उदाहरणं दोनच, दोन्ही मरियेबद्दलची: ती मूळ पापाविना गर्भात आली (१८५४) आणि सदेह स्वर्गात घेतली गेली (१९५०). शिवाय अचूक म्हणजे निष्पाप नव्हे. पोपही पापनिवेदन करतात.

अख्ख्या जगातले बिशप पोपसह एखादी गोष्ट 'हे कायमचं मानायचं' म्हणून एकमुखाने शिकवतात, तेव्हाही ती अचूक धरतात. एकटा बिशप मात्र नाही. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं. तिथल्या बिशपांचं परिपत्रक मानायचं, पण ते अचूक नव्हे.

गोंधळ होतो तो मधल्या पट्ट्यात. एक तर सगळंच अचूक, नाही तर सोडून द्या, असं लोक धरतात. चर्चच्या कायद्यातलं कलम ७५२ म्हणतं की अचूक नसलेल्या अधिकृत शिकवणीलाही मन-बुद्धीने आदरपूर्वक मान द्यायचा; पण ती श्रद्धेची संमती नव्हे. कलम ७४९ तर आणखी कामाचं: एखादा सिद्धांत अचूक ठरवला गेला हे उघड दिसत नसेल, तर तसं धरायचं नाही.

शिस्तीचे नियम याहून खालचे. कम्युनियनपूर्वीचा (मिस्सा या उपासनेत पवित्र भाकरी घेण्याआधीचा) उपास आधी मध्यरात्रीपासून होता, १९५७ मध्ये तीन तासांवर आला, १९६४ मध्ये एका तासावर. लॅटिनऐवजी मराठीत मिस्सा आली तीही शिस्तच. त्यात कुठलाही सिद्धांत मोडला नाही.

फाशीचं काय? २०१८ चा बदल, म्हणजे फाशी मान्यच नाही असं म्हणणारा, धर्मशिक्षणाच्या ग्रंथातल्या परिच्छेद २२६७ मधला. ग्रंथात छापलं म्हणून प्रत्येक ओळ अचूक होत नाही. तिचं वजन मूळ शिकवणीइतकंच. हा विकास की दुरुस्ती, यावर धर्मपंडित अजून भांडतात. "काही बदललंच नाही" असं दिरांना सांगू नका, पटणार नाही.

त्यांनी होनोरियसचं नाव काढलं, तर टाळू नका. सातव्या शतकातल्या या पोपने ख्रिस्ताच्या ठायी एकच इच्छा असल्याचं पत्रात लिहिलं (चर्चची शिकवण दैवी आणि मानवी अशा दोन इच्छांची), आणि ६८१ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेने त्यांना मरणोत्तर दोषी ठरवलं. कॅथलिक उत्तर असं, की ती पत्रं एका पॅट्रिआर्कला (पूर्वेकडच्या मुख्य बिशपांना) लिहिलेली होती, सगळ्या ख्रिस्तसभेवर बंधनकारक व्याख्या नव्हती. उत्तर टिकतं, पण ऐकायला सोपं नाही. म्हणून दोषी ठरवल्याची गोष्ट आधी तुम्हीच सांगा, पत्रांचा खुलासा मागून.