संघटनेआधी क्लब : गॅलाशील्सला निघालेल्या एका तरुण रग्बीपटूस पत्र

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. हेरियट-वॉट विद्यापीठाच्या गॅलाशील्स येथील वस्त्रविद्येच्या अभ्यासक्रमाला तुला प्रवेश मिळाला, याचा आनंद झालाच. पण परत आल्यावर आपल्या जिल्ह्यात रग्बी संघटनेचे काम हाती घ्यायचे तुझ्या मनात आहे, हे वाचून अधिक बरे वाटले. स्कॉटलंडमध्ये संघटना कशी चालवतात, ते कोणाकडून आणि कसे शिकावे, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर असे की, एडिंबरोला मरेफील्ड स्टेडियममधील मुख्य कचेरीत जाण्याची घाई करू नकोस. तुझ्या महाविद्यालयाला लागूनच नेदरडेल हे गॅला क्लबचे मैदान आहे. आधी तिथे जा, आणि वर्षभर तिथेच जात राहा.

तू ज्या मुलखात राहणार आहेस, त्याला बॉर्डर्स म्हणतात. इंग्लंडच्या सीमेलगतची ही छोटी गावे ट्वीडच्या आणि लोकरी कपड्यांच्या गिरण्यांवर वाढली. मेलरोझ हे तर आपल्याकडच्या एखाद्या मध्यम खेड्याएवढे गाव. तरीही लँगहोम (१८७१), हॉइक (१८७३), गॅला (१८७५), मेलरोझ (१८७७) अशा क्लबांनी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाला पिढ्यान् पिढ्या खेळाडू पुरवले आहेत. १८७३ साली स्कॉटिश युनियन, म्हणजे तिथली राष्ट्रीय रग्बी संघटना, स्थापन झाली, ती मुख्यतः एडिंबरो-ग्लासगोच्या आणि विद्यापीठांच्या क्लबांनी. त्यांतील कित्येक क्लब विशिष्ट शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुरतेच होते. बॉर्डर्सच्या क्लबांत मात्र गावातला कोणीही येई, मग तो गिरणीतला कामगार असो, शेतकरी असो की दुकानदार. हा फरक नीट ध्यानात ठेव, कारण पुढचे सारे त्यातून निघते.

१९०१ साली गॅला, हॉइक, जेड-फॉरेस्ट, लँगहोम आणि मेलरोझ या पाच क्लबांनी एकत्र येऊन बॉर्डर लीग सुरू केली. रग्बी युनियन या पंधरा-पंधरा जणांच्या खेळातली जगातली सर्वांत जुनी लीग म्हणून तिचे नाव घेतले जाते. केल्सो आणि सेल्कर्क १९१२ साली त्यात आले, पीबल्स तर थेट १९९६ साली. आता दुसरी एक तारीख त्याच्याशेजारी ठेवून पाहा. संपूर्ण स्कॉटलंडसाठी युनियनने अधिकृत राष्ट्रीय लीग सुरू केली ती १९७३-७४ च्या हंगामात, म्हणजे सत्तरहून अधिक वर्षांनी. आणि तिची पहिली पाचही विजेतेपदे हॉइकने पटकावली. एवढी वर्षे या गावांनी वरून काही येण्याची वाट पाहिली नाही. आपापसांत वेळापत्रक ठरवले, शेजारच्या गावाशी दरवर्षी घरी आणि दारी सामने खेळले, आणि त्या ईर्ष्येतून खेळ कसाला लागला. ही ईर्ष्या किती जुनी, तर मेलरोझचा क्लब गॅलापासून फुटून निघाला तेव्हा मेलरोझकरांनी रातोरात गोलचे खांबच उचलून आपल्या गावी नेले, असे आजही सांगतात.

तू कोल्हापूरचा, तेव्हा हे तुला समजावून सांगावे लागू नये. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींनी आपापल्या पेठेच्या जिवावर फुटबॉल वाढवला, आणि शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग भरते ती या तालमी आहेत म्हणून. असोसिएशनने तालमी जन्माला घातल्या नाहीत. रग्बीत मात्र आपण बहुतेक ठिकाणी उलट क्रमाने गेलो. आधी संघटना नोंदवली, पदाधिकारी ठरवले, राज्य स्पर्धेसाठी निवड चाचणी घेतली, आणि सभासद क्लब पाहिजेत म्हणून कागदावर पाच-सहा नावे लिहिली. अशा संघटनेतला मुलगा वर्षातून एकदा निवड चाचणीला येतो, निवडला गेला तर तीन दिवस खेळतो, आणि उरलेले वर्षभर त्याला सामना नसतो. याचे मला मनापासून दुःख आहे, कारण मुले गुणी आहेत आणि वर्षे वाया जातात.

आपल्या देशाचेच एक उदाहरण तिकडे तुला वारंवार ऐकायला मिळेल. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात रग्बीचा सामना झाला आणि लगेच पुढच्या वर्षी कलकत्ता क्लब उभा राहिला. सभासद इंग्रज व्यापारी आणि लष्करी अधिकारी. काही वर्षांत पलटण हलली, पोलो आणि टेनिसकडे लोक वळले, आणि १८७८ पर्यंत क्लब बंद पडला. पैसा मात्र शिल्लक होता. खात्यातले २७० चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांचा चषक घडवला. त्याला तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून ज्यासाठी खेळतात तो हाच कलकत्ता चषक. चषक देखणा आहे, आणि त्याची गोष्ट सांगताना आपल्याला अभिमानही वाटतो. परंतु संघटकाने ती वेगळ्या नजरेने वाचावी, असे मला वाटते. खात्यात रुपये असताना तो क्लब मेला, कारण त्याच्यामागे गाव नव्हते.

याच्या उलट मेलरोझ. १८८३ साली या क्लबाकडे पैसे नव्हते. निधीसाठी क्रीडामेळा भरवायचे ठरले, तेव्हा नेड हेग या खाटकाच्या दुकानात काम करणाऱ्या खेळाडूने रग्बीची स्पर्धा सुचवली. पंधरा-पंधरा जणांचे इतके सामने एका दुपारी होणे शक्य नाही, म्हणून संघ सातांचा केला आणि सामना पंधरा मिनिटांचा. चषक गावातल्या स्त्रियांनी दिला. गॅलाशील्स आणि हॉइकहून माणसे रेल्वेने आली. अंतिम सामना मेलरोझ आणि गॅला यांच्यातच झाला. बरोबरीनंतरच्या जादा वेळेत मेलरोझने ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे टेकवला, आणि सामना संपला असे स्वतःच ठरवून मैदान सोडले, म्हणून गॅलाकरांनी तक्रार केली. पुढच्याच वर्षी गॅलाने आणि त्यानंतर हॉइकने आपापली स्पर्धा सुरू केली. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये गेलेला, आणि आपल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत तू स्वतः जो खेळू पाहतोस, तो सेव्हन्सचा खेळ एका कफल्लक क्लबाच्या गरजेतून असा निघाला. एप्रिलमध्ये मेलरोझला ग्रीनयार्ड्स मैदानावर ही स्पर्धा भरते, तेव्हा नुसता प्रेक्षक म्हणून जाऊ नकोस. आधी पत्र पाठव आणि कोणतेही काम माग. फाटकावर तिकिटे कोण घेतो, पंचांना मैदानावर कोण आणतो, पुढच्या संघाला तयार राहायला कोण सांगतो, हे एका दिवसात पाहून घेतलेस तर आपल्याकडची एक स्पर्धा तुला चांगली भरवता येईल.

नेदरडेलच्या मैदानाने एक वेगळा धडाही पाहिला आहे. व्यावसायिक रग्बी आल्यावर युनियनने १९९६ साली बॉर्डर्सचा व्यावसायिक संघ उभा केला, १९९८ साली तो एडिंबरोत विलीन केला, २००२ साली पुन्हा उभा केला आणि २००७ साली पैशाअभावी बंद केला. कारणांविषयी तिकडे अजून वाद होतात. त्यात तू पाहुणा म्हणून पडू नकोस. पण एवढे बघ की, संघ गेला तरी गॅला, मेलरोझ, हॉइक, केल्सो हे क्लब उभेच राहिले, कारण त्यांचा जीव त्या एका संघात नव्हता.

तो जीव कशात आहे, ते पाहायचे असेल तर पहिल्या संघाच्या सामन्यावर थांबू नकोस. क्लबाचा दुसरा संघ पाहा, शाळकरी मुलांचा सराव पाहा. हॉइकमध्ये मुख्य क्लबाच्या खाली लिंडन, हार्लेक्विन्स, ट्रेड्स, वायएम असे छोटे क्लब होते आणि अठरा-वीस वर्षांचा मुलगा त्यांतून वर येई. जेडबर्गसारख्या लहान गावातून रॉय लेडलॉ आणि गॅरी आर्मस्ट्राँग असे दोन थोर स्क्रम-हाफ (स्क्रममधून निघालेला चेंडू पुढे देणारे खेळाडू) निघाले, ते अशा रचनेमुळे. आणि क्लबाच्या खजिनदाराशी ओळख कर. वर्षाचा जमाखर्च समजावून देण्याची विनंती केलीस तर बहुधा नाही म्हणणार नाहीत. वर्गणी किती, बारमधून किती, स्थानिक दुकानदारांच्या जाहिरातींतून किती, दिवे आणि गवत यांवर किती, हे आकडे वहीत उतरवून घे. संघटनेची घटना कुठेही वाचायला मिळते. हा जमाखर्च तिथल्या माणसाकडूनच समजतो.

परत आल्यावर एकदम जिल्हाभर पसरू नकोस. चार क्लब पुरेत, पण खरे असावेत : प्रत्येकाचे स्वतःचे मैदान किंवा मैदानाची ठरलेली वेळ, किमान पंचवीस खेळाडू, आणि न खेळणारी पाच माणसे जी हिशेब, पाणी, प्रथमोपचार आणि पोरांच्या घरच्यांशी बोलणे सांभाळतील. तालमींकडे जा, कुस्तीतल्या मुलाला पकड शिकवावी लागत नाही, फक्त खांद्याच्या वर पकडायचे नाही हे मात्र कटाक्षाने शिकवावे लागते. त्या चार क्लबांनी पावसाळा संपल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत दर पंधरा दिवसांनी एकमेकांशी खेळावे, आणि वेळापत्रक त्यांच्याच सचिवांनी एकत्र बसून करावे. तू फक्त कागद आणि चहा पुरव. संघटनेच्या सभेत मत क्लबाला असावे, व्यक्तीला नव्हे, आणि ज्या क्लबाने त्या हंगामात ठरलेले सामने खेळले नाहीत त्याचे मत त्या वर्षी मोजू नये. हा नियम पहिल्याच सभेत करून घे. नंतर कोणी करू देणार नाही.

हंगाम सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा पोहोचल्यावर खोली लागली की लगेच मैदानावर जा. डिसेंबरमध्ये दुपारी चारलाच अंधार पडतो आणि नव्या माणसाला घराबाहेर पडणे नकोसे होते. त्याआधी ओळखी झालेल्या बऱ्या. बूट तिकडे घे, इथून नेलेले त्या चिखलात टिकणार नाहीत. अभ्यासाची आबाळ होऊ देऊ नकोस, आणि खजिनदारांकडून जे समजेल ते मला सविस्तर कळव.

तुझा हितचिंतक