पोर्शची केमन घेऊ की ९११?

अरे, आधी एक सांग, गाडीत दोघंच बसणार की लेकरंही? लेकरं असतील तर केमनचा विषयच संपला, ती दोन सीटची. ९११ ला मागे दोन चिमुकल्या सीट आहेत. मोठा माणूस बसला तर गुडघे हनुवटीला लागतात, पण शाळकरी पोर मावतं.

चालवण्यातला खरा फरक इंजिनाच्या जागेचा. केमनचं इंजिन सीटच्या मागे, पण मागच्या चाकांच्या पुढे. त्यामुळे ती वळणात पटकन आत वळते, नवख्याला सांभाळून घेते. ९११ चं इंजिन मागच्या एक्सलच्याही मागे. वळणातून बाहेर पडताना पकड जबरदस्त, पण भर वळणात घाबरून एक्सिलरेटर एकदम सोडलास तर मागचा भाग घसरायला बघतो. (हल्लीची इलेक्ट्रॉनिक्स वाचवतात, तरीही.)

२०१६ पासूनच्या साध्या केमनला (तेव्हापासून तिचं नाव ७१८ केमन) चार सिलिंडरचं टर्बो इंजिन. ३०० हॉर्सपॉवर पुरे झाली, आवाज मात्र मला अजिबात रुचत नाही. चार लिटर, सहा सिलिंडरची केमन जीटीएस (तिचीच वरची आवृत्ती) परवडत असेल तर डोळे झाकून घे.

वापरलेली घेताना टायरवरचा चार आकडी कोड वाच. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मी नुसती नक्षी बघून भुललो आणि दगड झालेले आठ वर्षांचे टायर गळ्यात पडले, चारही बदलले. आणि हो, व्यवहाराआधी तीच गाडी तुझ्या सोसायटीच्या रॅम्पवर एकदा चढवून बघ, खालून घासते का ते.