थंडीत सकाळी बाइक पाच मिनिटं तापवायलाच पाहिजे का?

तुम्ही विचारलंत: नागपुरातल्या मनीषनगरहून बुटीबोरीला पहाटेची शिफ्ट, गाडी बीएस-६ (नव्या प्रदूषण-नियमांची), आणि शेजारचे काका म्हणतात की पाच मिनिटं उभ्यानं तापवल्याशिवाय हलवू नका. तुमच्या गाडीला अर्धा मिनिट पुरे. २०१८च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तशी थंडी पडली तर फार तर एक मिनिट.

काका चुकत नाहीत, त्यांची गाडी जुनी आहे. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त लागतं. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या, गाडीत हे काम चोक करतो. चोक ओढायचा, सुरू करायची, आणि आयडलिंगला (अ‍ॅक्सिलरेटर न पिळता) बंद न पडता चालेपर्यंत थांबायचं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ नियमांमुळे नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं, म्हणजे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं फवारलं जातं. तिथं सेन्सर इंजिनाचं तापमान बघतो आणि पेट्रोल आपोआप वाढवलं जातं. आपण मधे पडायचं कारण नाही.

उभ्यानं तापवण्यात खरा घोळ असा की इंजिन त्यानं फार हळू तापतं. तोवर जास्तीचं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, प्लग काळा पडतो, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. ऑइल वर चढायला काही सेकंदच लागतात, पण ते पूर्ण तापतं गाडी चालल्यावर. म्हणून वर्धा रोडला लागेपर्यंत गाडी हलक्या हातानं चालवा, ४००० आरपीएमच्या आत. तिथून पुढं पिळा हवी तेवढी. गार इंजिनाला उभ्या उभ्या रेस देणं मात्र सगळ्यात वाईट, आणि फ्लॅटच्या बंद पार्किंगमध्ये तर वरच्या मजल्यावरच्या लोकांनाही धूर खावा लागतो, भाऊ!

‘बॅटरी चार्ज होते’ म्हणून गाडी सुरू ठेवणारेही आहेत. २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिनासोबत लागतोच. आयडलिंगला तयार होणाऱ्या करंटचा बराच भाग तोच खातो, बॅटरीला उरतं थोडं.

मी स्वतः तो वेळ दुसरीकडे घालवतो. चावी फिरवायच्या आधी टायर आणि चेन बघतो, गाडीखाली ऑइलचा डाग आहे का तेही बघतो. हवा थंड टायरलाच मोजावी. मे महिन्यात दुपारी चालवून आल्यावर प्रेशर वाढलेलं दिसतं. ते पाहून हवा काढून टाकणारे पाहिले आहेत, त्यांचा टायर सकाळी मऊ असतो. मग चावी फिरवून गाडीतल्या पेट्रोल पंपाचा ‘झूं’ आवाज थांबू देतो आणि त्यानंतरच सेल्फ दाबतो. थंडीत क्लचप्लेटा ऑइलनं एकमेकींना चिकटतात, म्हणून पहिला गिअर टाकायच्या आधी क्लच दोन-चारदा दाबून सोडतो. नाहीतर खट्‌कन झटका बसतो. हेल्मेट घालून ग्लोव्ह्ज चढवेपर्यंत तो अर्धा मिनिट होऊनच जातो.

एखाद्या सकाळी सुरूच झाली नाही, तर सेल्फ पाच सेकंदांच्या वर दाबून धरू नका, मधे दहा-पंधरा सेकंद सोडा. नुसतं ‘टक-टक’ वाजत असेल तर आधी बॅटरीचे टर्मिनल तपासा. ते घट्ट असतील तर बहुधा बॅटरी उतरली आहे.