गाडीत हॅम रेडिओ बसवण्यापूर्वी

अमेरिकेत हॅम रेडिओचा, म्हणजेच हौशी रेडिओचा, परवाना एफसीसी ही केंद्रीय दळणवळण नियामक संस्था देते, पण वाहन चालवतानाचे नियम प्रत्येक राज्य स्वतः करते. त्यामुळे हातात फोन धरण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्याच्या मूळ मजकुरात ‘वायरलेस उपकरण’ या संज्ञेची व्याख्या काय आहे आणि हौशी रेडिओला स्पष्ट सूट दिली आहे का, हे तुम्ही राज्याची सीमा ओलांडण्यापूर्वी अवश्य वाचावे. एआरआरएल या अमेरिकेतील हौशी रेडिओ चालकांच्या राष्ट्रीय संघटनेने 2009 मध्ये या विषयावर धोरण जाहीर केले असले, तरी ते कायद्याची जागा घेऊ शकत नाही.

फोनवर दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात. हॅम रेडिओवर मात्र बटण दाबल्याशिवाय बोलता येत नाही आणि उत्तर देण्याची घाईही नसते, हा फरक खरा आहे. तरीही तोंडाशी धरलेला रेडिओचा हँडसेट पोलिसांना दुरून फोनच वाटू शकतो. म्हणून गाडीत कायमचा बसवलेला संच मी अधिक योग्य मानतो: माइकचा हुक नजर न हटवता हाताला लागेल असा, पण एअरबॅगच्या मार्गाबाहेर लावावा आणि लागणारे रिपीटर (आपला संदेश पुन्हा प्रक्षेपित करून दूरवर पोहोचवणारी केंद्रे), ते वापरण्यासाठी लागणाऱ्या टोनसह (ठरावीक ध्वनी-संकेतासह), निघण्यापूर्वीच मेमरीत भरावेत. वारंवारता बदलण्यासाठी मेनू उघडावा लागत असेल, तर गाडी थांबवावी. वळणावर किंवा दाट रहदारीत समोरच्याला ‘थांबा’ एवढेच सांगून माइक खाली ठेवावा. अनुभवी ऑपरेटर त्याचे कधीच वाईट वाटून घेत नाहीत.