व्हर्च्युअल सर्व्हर सांभाळायला आणि सुरक्षित ठेवायला शिकायचंय. व्हीएमवेअरपासून सुरुवात करू की प्रॉक्समॉक्सपासून?

एकाच खऱ्या सर्व्हरवर (त्याला होस्ट म्हणतात) अनेक व्हर्च्युअल मशिन्स चालवणारी ही दोन सॉफ्टवेअर; ज्याचं काम समोर आहे त्यापासून करा. समोर काहीच नसेल तर प्रॉक्समॉक्स घ्या, कारण खाली साधं डेबियन (एक प्रकारचं लिनक्स) आणि केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशिन्स चालवायची सोय) आहे, काय चाललंय ते उघडून बघता येतं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘सिक्युरिटी नंतर शिकेन, सध्या सगळं आतल्या नेटवर्कवरच आहे.’ या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. उत्तर लिहायला बसलो ते त्यासाठी.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या रॅन्समवेअरने (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) जगभरातले ईएसएक्सआय, म्हणजे व्हीएमवेअरचं होस्टवरचं सॉफ्टवेअर, चालवणारे हजारो होस्ट धरले. संशय गेला ओपनएसएलपी या सेवेतल्या त्रुटीवर, पोर्ट ४२७. तिचा पॅच (दुरुस्ती) फेब्रुवारी २०२१ मध्येच आलेला होता. होस्ट दोन-दोन वर्षं पॅच का होत नाहीत? होस्ट रीबूट करायचा तर त्यावरची सगळी मशिन्स आधी दुसरीकडे हलवावी लागतात, आणि हलवायला जागाच ठेवलेली नसते. तीन सारखे होस्ट असतील तर प्रत्येकाची रॅम ६५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे एक रिकामा करून बाकी दोघांवर सगळं मावतं. लोक याला क्षमतेचं नियोजन म्हणून वेगळ्या खात्यात टाकतात. माझ्या मते ही सुरक्षेची पहिली अट आहे. जो होस्ट रिकामा करता येत नाही तो पॅच होत नाही.

त्या हल्ल्यात चालू मशिन्स बंद पाडून त्यांच्या फायली एन्क्रिप्ट केल्या गेल्या. इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. व्हीएमडीके नावाने दिसणारी डिस्क खरं तर दोन फायलींची असते: एक अगदी छोटी मजकुराची वर्णन-फाईल आणि दुसरी ‘फ्लॅट’, जिच्यात सगळा डेटा. पहिल्या लाटेत छोट्या फायली गेल्या, पण मोठ्या फ्लॅट फायली पुष्कळ ठिकाणी जवळजवळ शाबूत राहिल्या. ज्यांना ही रचना माहीत होती त्यांनी वर्णन-फाईल नव्याने बनवून मशिन्स उठवली. अमेरिकेच्या सायसा या सायबर सुरक्षा संस्थेने त्यासाठी स्क्रिप्टही दिली. पण काही दिवसांतच नवी आवृत्ती आली. तिने १२८ एमबीपेक्षा मोठ्या फायलींचा निम्मा भाग एन्क्रिप्ट करायला सुरुवात केली आणि तो रस्ता बंद झाला.

तरीही हा सराव लॅबमध्ये कराच. टाकाऊ मशीन बंद करा, तिची वर्णन-फाईल पुसा. फ्लॅट फाईलचा आकार बाइट्समध्ये मोजा, अगदी शेवटच्या अंकापर्यंत. व्हीएमकेएफएसटूल्स या ईएसएक्सआयच्या कमांडने तेवढ्याच आकाराची तात्पुरती डिस्क थिन प्रकारात बनवा. थिन अशासाठी की तिला जागा लागत नाही. तात्पुरती फ्लॅट पुसा, तिच्या वर्णन-फाईलला मूळ नाव द्या आणि आत फ्लॅटचं नाव असलेली ओळ दुरुस्त करा. मूळ डिस्क थिन नसेल तर थिन प्रोव्हिजनिंगची ओळ काढून टाका. आकार चुकला तर मशीन सुरूच होत नाही. बहुतेकांचं तिथेच अडतं. मशीनला स्नॅपशॉट (एका क्षणाची जपलेली स्थिती) असेल तर हे पुरत नाही, कारण डेल्टा, म्हणजे त्यानंतरचे बदल साठवणाऱ्या, फायलींची साखळीही जुळवावी लागते.

आता ‘आतलं नेटवर्क’. जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या (संस्थेतली सगळी खाती एकाच जागी सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था) डोमेनला जोडलेला ईएसएक्सआय होस्ट ‘ईएसएक्स ॲडमिन्स’ नावाच्या ग्रुपमधल्या कुणालाही पूर्ण ॲडमिन हक्क देतो. हा ग्रुप डोमेनमध्ये मुळात नसतोच, आणि होस्ट त्याला फक्त नावावरून ओळखतो. म्हणजे डोमेनमध्ये ग्रुप बनवण्याइतका हक्क मिळाला, की त्या नावाचा ग्रुप बनवायचा, स्वतःला त्यात टाकायचं आणि होस्ट आपला. रॅन्समवेअर टोळ्या हे आधीपासून वापरत होत्या. ८.० अपडेट ३ मध्ये दुरुस्ती आली. ७.० वर असाल तर प्रगत सेटिंग्जमधलं ‘ईएसएक्स ॲडमिन्स ग्रुप ऑटो ॲड’ बंद करा. आणि मशिन्सच्या आत कितीही चांगलं अँटिव्हायरस असलं तरी त्याला यातलं काही दिसत नाही. त्याच्या पायाखालची डिस्कच एन्क्रिप्ट होते.

‘एकच पासवर्ड, सगळ्यांची सोय’ म्हणून होस्ट डोमेनला जोडणाऱ्यांशी मी आजवर वाद घालत आलोय आणि पुढेही घालेन. होस्ट डोमेनला जोडू नका. बॅकअप सर्व्हर तर अजिबात नको.

लॅबसाठी ३२ जीबी रॅमचं एक मशीन पुरतं. त्यावर प्रॉक्समॉक्स आणि त्याच्या आत ईएसएक्सआय, म्हणजे दोन्ही शिकून होतील. एप्रिल २०२५ पासून ईएसएक्सआय पुन्हा फुकट मिळतं, पण ते व्हीसेंटरला (अनेक होस्ट एका जागेवरून चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) जोडता येत नाही. आतल्या ईएसएक्सआयला सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ द्या, किमान २ कोअर, ८ जीबी रॅम, ३२ जीबी डिस्क. डिस्क साटावर लावा आणि नेटवर्क कार्ड व्हीएमएक्सनेट३ ठेवा. व्हर्टआयओचे (प्रॉक्समॉक्समधल्या व्हर्च्युअल डिस्क आणि कार्डांचा एक प्रकार) ड्रायव्हर ईएसएक्सआयकडे नाहीत, त्यामुळे इन्स्टॉलरला डिस्कच सापडत नाही आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

मग मॅनेजमेंट, स्टोरेज, मायग्रेशन आणि मशिन्सची वाहतूक वेगवेगळ्या व्हीलॅनवर (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्कं) काढा. मॅनेजमेंटला फक्त एकाच जंप सर्व्हरवरून पोचता यावं. प्रॉक्समॉक्सचा फायरवॉल डेटासेंटर पातळीवर चालू करण्याआधी त्या सर्व्हरसाठी ८००६ (वेब पॅनेल) आणि २२ (एसएसएच) या पोर्टचे नियम लिहा आणि समोर कन्सोल उघडा ठेवा. चालू होताच येणारी वाहतूक अडवली जाते. तपासणी एकच: एखाद्या साध्या मशीनच्या आतून होस्टच्या पत्त्यावर एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं साधन) चालवा. २२, ४२७, ४४३, ९०२, ८००६ यांपैकी काहीही उत्तर देत असेल तर तुमचं ‘आतलं नेटवर्क’ उघडं आहे. सर्व्हरच्या बीएमसीलाही (सर्व्हर दुरून सांभाळणारी बोर्डावरची वेगळी चिप) हेच लागू. त्याच्या आयपीएमआय २.० या प्रोटोकॉलमध्ये लॉगिन पुरं होण्याआधीच बीएमसी पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड शोधून काढता येतो असं सांकेतिक रूप) समोरच्याला देतो, कारण प्रोटोकॉलच तसा आहे. मजबूत पासवर्डने वेळ मिळेल, पण खरा इलाज वेगळं नेटवर्क हाच.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे तुम्हाला माहीत असेलच. व्हीएमवेअर स्वतः सांगतं, की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फाईल वाढत जाते, डेटास्टोअर भरतं आणि त्यावरच्या ज्या ज्या मशीनला वाढायला जागा हवी ती थांबते.

बॅकअप घेताना होस्टला पुसण्याचा हक्क देऊ नका. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरमध्ये होस्टच्या टोकनला (लॉगिनसाठी पासवर्डऐवजी दिलेली किल्ली) ‘डेटास्टोअर बॅकअप’ ही भूमिका पुरते. तिला आपले बॅकअप घेता येतात, परत आणता येतात, पण जुने छाटता येत नाहीत. छाटणी बॅकअप सर्व्हर स्वतःच करेल. होस्ट पडला तरी त्या टोकनने बॅकअप पुसता येणार नाहीत. रिस्टोअरचा सराव वेगळ्या व्हीएम क्रमांकावर करा आणि सुरू करण्याआधी नेटवर्क कार्ड तोडा, नाहीतर एकाच आयपीची दोन मशिन्स उभी राहतील आणि खरं मशीनही कोलमडेल.

क्लस्टर (एकत्र चालणाऱ्या होस्टचा गट) शिकताना दोन नोडवर, म्हणजे दोन होस्टवर, थांबू नका. एक गेला की दुसऱ्याचा कोरम (निर्णयाला लागणारं बहुमत) जातो. तिसरा नोड नसेल तर छोट्याशा मशीनवर क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारा तिसरा) लावा.

सर्टिफिकेट करावं का, हेही तुम्ही विचारलंय. नोकरीच्या जाहिरातीत मागितलं असेल तर करा, वरचा सराव झाल्यावर.

डोमेनबद्दल एक पुस्ती, नाहीतर अर्धवट सल्ला होईल. ॲडमिन दहा-वीस असतील तर कुणी काय केलं याची नोंद लागते आणि सगळ्यांनी एकच रूट पासवर्ड वापरणं चालत नाही. अशा वेळी मॅनेजमेंटसाठी वेगळी डिरेक्टरी ठेवा, व्हीसेंटरवर दुहेरी पडताळणी लावा आणि होस्ट लॉकडाऊन मोडमध्ये टाका, म्हणजे सगळं काम व्हीसेंटरमधूनच होईल. लॉकडाऊनच्या ‘स्ट्रिक्ट’ प्रकारात थेट कन्सोलही बंद होतो. त्या वेळी व्हीसेंटर बंद पडलं, परत उभं करता आलं नाही आणि अपवाद म्हणून ठेवलेला एकही वापरकर्ता एसएसएचने आत जाऊ शकत नसेल, तर होस्ट नव्याने इन्स्टॉल करावा लागतो. म्हणून ‘नॉर्मल’ घ्या.